डोक्यावर हात ठेवला की कळ थांबते: मानेतल्या गादीच्या एका निदानाची केस

ही केस मी लिहितेय ती मुख्यतः नवीन फिजिओ मुलामुलींसाठी, पण ज्यांच्या हातात आत्ता मानेच्या एमआरआयचा रिपोर्ट आहे आणि तो वाचून झोप उडालीये त्यांनीही वाचायला हरकत नाही. पेशंटची ओळख पटेल असं काही यात ठेवलेलं नाही, मी त्यांना ताई म्हणायचे तेच इथे पण म्हणते.

ताई ४६ वर्षांच्या, अकाउंट्सचं काम, रोजचे आठ-नऊ तास कॉम्प्युटरसमोर, उजव्या हाताने लिहिणाऱ्या, शुगर नाही, बीपी नाही, पडणं-अपघात काही नाही. पहिल्यांदा आल्या तेव्हा तक्रार एकच, पाठीत डाव्या बाजूला, खांद्याचं जे चपटं हाड असतं ना, फरा, त्याच्या आतल्या कडेला खोल ठणका. चार दिवसांपासून. सकाळी उठल्या तीच मान अवघडलेली आणि मग दुखणं तिथून पाठीत उतरलं. "कुणीतरी आत बोट खुपसून धरलंय असं वाटतं" हे त्यांचे शब्द. हात ठीक, मुंग्या नाहीत. मी मान फिरवून बघितली, डावीकडे वळताना आणि वर बघताना दुखत होतं, पाठीत त्या जागेवर दाबलं तर लगेच "हां, इथेच" म्हणाल्या, आणि मी ते स्नायूचं दुखणं धरून मोकळी झाले. शेक, हलके स्ट्रेच, कामातून मधे मधे उठायचं, एवढं सांगून पाठवलं.

इथे माझं चुकलं. त्या दिवशी मी हॅमर ड्रॉवरमधून काढलाच नाही. हातांची पॉवर बघितली नाही, रिफ्लेक्स, म्हणजे हॅमर मारला की स्नायू आपोआप उसळतो का, तेही बघितले नाहीत, कारण हात दुखत नव्हता ना, मग कशाला. पण मानेतली गादी, म्हणजे दोन मणक्यांमधली डिस्क, बिघडायला लागली की हातात कळ उतरायच्या आधी कितीतरी जणांना काही दिवस नुसतं मान आणि फऱ्याच्या आतल्या कडेचं हेच दुखणं असतं. राल्फ क्लोवर्ड या न्यूरोसर्जनने १९५९ मध्येच दाखवलं होतं की मानेतल्या गादीला सुईने डिवचलं की पेशंटला दुखतं ते पाठीत, फऱ्यापाशी. आणि दाबल्यावर दुखलं म्हणजे बिघाड तिथेच असंही नसतं, दुसरीकडून आलेलं दुखणंसुद्धा ती जागा हळवी करून ठेवतं. हे मला पुस्तकातून माहीत होतं. तरी मी दाबलं, "हां इथेच" ऐकलं आणि थांबले. त्या दिवशी पाच मिनिटं काढून रिफ्लेक्स बघितले असते तर ते नॉर्मलही आले असते कदाचित, पण मग पुढे कमी झाले ते नक्की कधी हे तरी कळलं असतं. आता मान किंवा पाठीच्या वरच्या भागाची तक्रार घेऊन कुणीही आलं की मी दोन्ही हातांची पॉवर आणि तीन रिफ्लेक्स बघितल्याशिवाय पेशंटला सोडत नाही.

नवव्या दिवशी रात्री साडेदहाला ताईंचा फोन. आता डावा हात दुखतोय, दंडाच्या मागच्या बाजूने कळ येते ती कोपराच्या खाली जाते, आणि छातीत डावीकडे दडपल्यासारखं होतंय. माझ्या मनात मान आलीच होती पण फोनवर मी मानेचं नावसुद्धा काढलं नाही. म्हणलं ताई आत्ताच्या आत्ता निघा, हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जा, स्वतः गाडी चालवू नका. छाती आणि डावा हात एकत्र दुखत असेल तर आधी हृदय, बाकी सगळं नंतर, त्यात वय किती, बाई आहे की पुरुष, कालपासून ॲसिडिटी आहे वगैरे काही मधे आणायचं नाही. तिथे ईसीजी काढला, ट्रोपोनिन (हृदयाला इजा झाली की रक्तात वाढतं ते) काही तासांच्या अंतराने दोनदा बघितलं, सगळं नॉर्मल आलं, पहाटे घरी सोडलं आणि कागदावर लिहून दिलं की हृदयाचं कारण दिसत नाही, मान तपासून घ्या.

ही गफलत फार जुनी आहे. सेम्स आणि मर्फी या दोन सर्जननी १९४३ मध्ये चार पेशंटवर पेपर लिहिला होता, चौघांचीही मानेतली गादी एका बाजूला फुटून सातवी नस दबलेली आणि लक्षणं मात्र हृदयाच्या दुखण्यासारखी. छातीच्या पुढच्या मोठ्या स्नायूला ज्या नसा जातात त्यात मानेतल्या या सातव्या नसेचाही वाटा असतो, त्यामुळे दुखणं पाठीत, दंडात आणि पुढे छातीतही जाणवू शकतं. ताई नंतर मला म्हणाल्या, "उगाच रात्रभर सगळ्यांना जागवलं." मी त्यांना निक्षून सांगितलं की उगाच अजिबात नाही, परत असं झालं तर परत तसंच जायचं.

बाराव्या दिवशी त्या माझ्याकडे आल्या आणि खुर्चीवर बसल्या त्या डावा हात डोक्यावर ठेवूनच. मी विचारलं असं का बसलात. म्हणाल्या, असा ठेवला की कळ थांबते, झोपतानाही असाच ठेवते, खाली सोडला की पाच मिनिटांत परत सुरू. घरच्यांना वाटत होतं की हॉस्पिटलच्या त्या रात्रीचा धसका घेतलाय म्हणून ताई डोक्याला हात लावून बसतात, तर तसं काही नव्हतं, तो त्यांच्या शरीराने स्वतः शोधलेला उपाय होता. हात वर घेऊन डोक्यावर टेकवला की मानेतून निघणाऱ्या नसेवरचा ताण सैल होतो. खांद्याचा बिघाड असेल तर बहुतेक वेळा उलटं असतं, हात वर नेतानाच जास्त दुखतं. ही खूण प्रत्येकात सापडत नाही, आणि नसली म्हणून नस दबलेली नाही असंही म्हणता येत नाही, पण असली तर तिला खूप वजन द्यायचं, आणि मुख्य म्हणजे त्यासाठी पेशंटला हातही लावावा लागत नाही, नुसतं तो बसतो कसा ते बघावं लागतं.

यावेळी मी घाई केली नाही. आधी धोक्याच्या खुणांचे सगळे प्रश्न विचारले: वजन उगाच कमी झालंय का, ताप, पूर्वी कुठला कॅन्सर, दोन्ही हातांना काही होतंय का, चालताना तोल जातो का, बटणं लावताना किंवा सुईत दोरा ओवताना बोटं चुकतात का, लघवी-शौचाला काही फरक, मान खाली वाकवली की पाठीतून करंट उतरतो का. सगळ्याला नाही. पाठीवर आणि हातावर पुरळ नाही तेही बघितलं, कारण नागीण उठायच्या आधी पण असाच एका पट्ट्यात ठणका असतो. मग दोन गोष्टी त्यांनी विचारल्यावर सांगितल्या ज्या आपणहून सांगितल्या नसत्या. एक, डाव्या हाताचं मधलं बोट कापसातून लावल्यासारखं बधिर वाटतं. दोन, खुर्चीवरून उठताना डाव्या हाताने रेटा दिला तर हात दुमडतो. त्यांना वाटत होतं दुखतंय म्हणून दुमडतो. मला तिथे पहिल्यांदा शंका आली की ही ताकदच गेलीये.

तपासताना मी सगळ्यात आधी स्पायनल कॉर्डसाठी बघते, म्हणजे मुख्य मज्जारज्जू दाबला जातोय का. हे आधी का, तर एखादी नस दबली तर आपल्याकडे वेळ असतो, कॉर्ड दबत असेल तर तो नसतो. पायांचे रिफ्लेक्स वाढलेत का, पावलाला क्लोनस आहे का, म्हणजे पाऊल झटकन वर ढकललं की ते आपोआप थरथरत राहतं का, तळव्यावर रेघ ओढली की अंगठा वर जातो का, मधल्या बोटाचं टोक टिचकी मारल्यासारखं सोडलं की अंगठा आत ओढला जातो का, एका रेषेत टाच-पंजा लावून चालता येतं का, आणि दहा सेकंदांत मूठ किती वेळा उघडता-मिटता येते, साधारण वीसच्या खाली गेली की मी सावध होते. ताईंचं यातलं सगळं ठीक होतं. कॉर्ड वाचलेला आहे एवढं कळल्यावर मला स्वतःला पण हायसं वाटलं आणि मग मी शांतपणे हाताकडे वळले.

पॉवर बघताना ट्रायसेप्सबद्दल, म्हणजे दंडाच्या मागच्या, कोपर सरळ करणाऱ्या स्नायूबद्दल, एक सांगते कारण इथे बरेच जण फसतात. पेशंटचा कोपर पूर्ण ताठ असताना तुम्ही तो वाकवायचा प्रयत्न केला तर सांधा जवळजवळ लॉक झालेला असतो आणि थोडा कमजोर झालेला ट्रायसेप्स पण पास होऊन जातो. कोपर अर्धवट किंवा थोडा जास्तच वाकवून ठेवा, पेशंटला म्हणा आता मला ढकला, आणि दुसऱ्या हाताशी तुलना करा. ताईंचा उजवा ट्रायसेप्स मला रोखता येत नव्हता, डावा मी दोन बोटांनी थोपवला. पाचपैकी चार, पाच म्हणजे पूर्ण ताकद. खांदा बाजूला उचलणं पाच, बायसेप्स पाच, मनगट वर उचलणं पाच. मनगट खाली वाकवणं किंचित कमी, बोटं सरळ करणं चार, मूठ आवळणं आणि बोटं फाकवणं पाच. रिफ्लेक्समध्ये बायसेप्सचा आणि मनगटाजवळचा दोन्हीकडे सारखा, ट्रायसेप्सचा उजवीकडे छान उसळला आणि डावीकडे काहीच नाही. मी त्यांना दात घट्ट आवळायला सांगून परत मारला, अगदी बारीकशी हालचाल दिसली. टाचणीने बघितलं तर मधलं बोट, पुढून मागून, बोथट.

हे तीन धागे, ट्रायसेप्सची ताकद, ट्रायसेप्सचा रिफ्लेक्स आणि मधलं बोट, एकाच ठिकाणी येऊन मिळतात. सातवी सर्व्हायकल, म्हणजे मानेतली, नस, सी-७.

आता नंबरचा घोळ, कारण पेशंट आणि विद्यार्थी दोघंही इथेच अडकतात. मानेत मणके सात आणि नसांच्या जोड्या आठ. पहिली नस पहिल्या मणक्याच्याही वरून निघते, त्यामुळे मानेत प्रत्येक नस आपल्या नंबरच्या मणक्याच्या वरून बाहेर पडते, आणि सी-७ नस निघते ती सहाव्या आणि सातव्या मणक्याच्या मधून. म्हणजे सी ६-७ ची गादी सरकली तर सापडते सातवी नस, सी ५-६ ची सरकली तर सहावी. आठवी नस सातव्या मणक्याच्या खालून निघते आणि तिथून पुढे पाठ-कमरेत हिशोब बदलतो. मानेत नसा जवळजवळ आडव्याच बाहेर निघतात म्हणून गादी मध्यापासून थोडी बाजूला आली काय किंवा थेट नसेच्या भोकात आली काय, सापडणारी नस बहुतेक वेळा तीच असते. कमरेत तसं नसतं. एवढं डोक्यात पक्कं असेल तर पुढे एमआरआय वाचताना निम्मा गोंधळ होत नाही.

मग मानेच्या टेस्ट. डावीकडे मान जेमतेम ४५ अंश वळत होती. स्पर्लिंग टेस्टमध्ये, म्हणजे मान मागे आणि दुखऱ्या बाजूला कलवून वरून हलका दाब द्यायचा, मी नुसती मान कलवली आणि दाब द्यायच्या आधीच कळ दंडातून मधल्या बोटापर्यंत गेली, मी तिथेच थांबले. कळ आली की टेस्ट झाली, त्यावर आणखी दाबून काही मिळत नाही, पेशंटचा विश्वास तेवढा जातो. (अपघात झालेला असेल, मणका अस्थिर असल्याची शंका असेल किंवा कॉर्डची लक्षणं असतील तर ही टेस्ट करायचीच नाही.) आडवं झोपवून मान हलकेच डोक्याच्या दिशेने ओढली तर कळ कमी झाली. हात बाजूला नेऊन, मनगट-बोटं मागे, कोपर हळूहळू सरळ, अशी नसेला ताण देणारी टेस्ट केली तर कोपर अर्ध्यातच अडला. वेनर आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये याच चार गोष्टी एकत्र बघितल्या होत्या, मान ६० अंशांपेक्षा कमी वळणं, स्पर्लिंग, ओढल्यावर आराम आणि नसेच्या ताणाची टेस्ट, त्यांच्या अभ्यासात तीन पॉझिटिव्ह असतील तर नस दबल्याची शक्यता ६५ टक्के आणि चारही असतील तर ९० टक्के निघाली. अभ्यास छोटा होता त्यामुळे आकडा अगदी दगडावरची रेघ धरू नका, पण पद्धत चांगली आहे. एकट्या स्पर्लिंगचं सांगायचं तर ती पॉझिटिव्ह आली तर खरी असायची शक्यता भरपूर, निगेटिव्ह आली म्हणून मात्र सुटका नाही, आणि नसेच्या ताणाच्या टेस्टचं बरोबर उलटं, ती अगदी निगेटिव्ह असेल तर नस दबलेली असणं अवघड.

एवढं झाल्यावर मी फाईलमध्ये "सी-७ रूट, डावी" असं लिहिलं (रूट म्हणजे नसेचं मूळ), "गादी सरकली" असं लिहिलं नाही. हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. हातांनी आपल्याला कळतं कुठली नस दुखावलीये, तिला कोण दाबतंय ते नाही कळत. गादी असू शकते, हाडाची वाढ असू शकते, दोन्ही असू शकतं. अमेरिकेत रॉचेस्टरमध्ये १९७६ ते १९९० या काळातल्या ५६१ पेशंटचा अभ्यास आहे, त्यात नुसती गादी बाहेर आल्याचं पक्कं झालं ते साधारण २२ टक्क्यांत. आणि त्याच अभ्यासात दुखणं सुरू व्हायच्या आधी काही जड काम किंवा मार लागल्याचं जेमतेम १५ टक्के लोकांनी सांगितलं. ताई सारख्या विचारत होत्या की मी काय उचललं, कशी झोपले, उशी बदलली म्हणून झालं का. मी त्यांना हाच आकडा सांगितला. बहुतेकांना कारण सापडतच नाही आणि स्वतःला दोष देत बसायची काही गरज नाही.

बाकीच्या शक्यता पण एकेक करून बाजूला काढाव्या लागतात. ताईंना वर्षभरापूर्वी कुणीतरी कार्पल टनेल असेल म्हणून मनगटाला पट्टा दिला होता, आणि मधलं बोट बधिर म्हणलं की कुणालाही तेच आठवतं. पण कार्पल टनेलमध्ये मनगटात नस दबते, तिथे दबलेली नस वर दंडातल्या ट्रायसेप्सला कमजोर करू शकत नाही, मान हलवून त्याची कळ वाढत नाही. दुसरी शक्यता रेडियल नर्व्ह, म्हणजे मनगट आणि बोटं वर उचलणारी हातातली नस, कारण बोटं सरळ करणं कमी होतं. पण ती दंडाच्या मागे हाडावर दबली तर ट्रायसेप्स सहसा वाचतो आणि मनगट वर उचलता येत नाही, ताईंचं बरोबर उलटं होतं. शिवाय मनगट खाली वाकवणारे स्नायू रेडियल नर्व्हवर चालत नाहीत, आणि ते पण थोडे कमी होते. वेगवेगळ्या दोन नर्व्हचे स्नायू कमजोर आणि दोघांचं मूळ एक, तर बिघाड त्या मुळात. हे जुळतं ना, तेव्हा मला अजूनही मनापासून आनंद होतो, इतक्या वर्षांनीही. खांदा मी स्वतः हलवून बघितला, तो सगळीकडे मोकळा फिरत होता, त्यामुळे फ्रोझन शोल्डर नाही.

साधारणपणे ताकद शाबूत असेल आणि धोक्याची कुठलीच खूण नसेल तर हातात कळ आली म्हणून दुसऱ्याच दिवशी एमआरआय काढत नाहीत, सहा आठवडे तरी साध्या उपचारांनी वाट बघतात. इथे ताकद गेली होती, म्हणून मी थांबले नाही, त्याच दिवशी स्पाइन सर्जनकडे चिठ्ठी दिली, त्यात स्पष्ट लिहिलं की ट्रायसेप्स चार, रिफ्लेक्स जवळजवळ नाही, कॉर्डच्या खुणा नाहीत. त्यांनी स्वतः परत तपासलं, एक्स-रे काढला, त्यात सी ५-६ ची जागा थोडी कमी दिसली बाकी काही नाही. एक्स-रे मध्ये हाड दिसतं, गादी आणि नस दिसत नाही, त्यामुळे "एक्स-रे नॉर्मल आहे, मग कसली नस" असं कुणी म्हणत असेल तर त्याला अर्थ नाही. मग एमआरआय झाला.

रिपोर्ट त्यांना माझ्या किंवा सर्जनच्या आधी मोबाईलवर मिळाला आणि त्यांनी तो रात्री एकटीने वाचला. निष्कर्षाची पहिली ओळ होती सी ५-६ ला पसरलेला डिस्क बल्ज, थेकल सॅक (कॉर्डभोवतीची पाण्याची पिशवी) दाबली जातेय, दोन्ही बाजूंची नसेची भोकं किंचित अरुंद. दुसऱ्या ओळीत सी ६-७ ला डावीकडे छोटं प्रोट्रूजन. तिसरीत सी ४-५ ला पण थोडा बल्ज. सकाळी मला फोन, आवाज रडवेला, "तीन गाद्या गेल्यात, पाच-सहाची सगळ्यात खराब आहे, पॅरालिसिस होईल का."

मी त्यांना बोलावून घेतलं, स्क्रीनवर फोटो उघडले. आडव्या कापातला सी ५-६ चा फोटो दाखवला, गादी सगळीकडून थोडी फुगलेली, टायर कमी हवेत फुगतो तशी, पण कॉर्डच्या पुढेमागे पांढरं पाणी शिल्लक, कॉर्डचा रंग एकसारखा. मग सी ६-७ चा. तिथे फुगवटा लहान पण डाव्या बाजूला नेमका नसेच्या तोंडाशी टोक काढून बसलेला, उजवीकडची नस मोकळी दिसते, डावीकडची दिसतच नाही. बल्ज म्हणजे गादीच्या कडेचा चौथ्या हिश्शापेक्षा जास्त भाग फुगलेला, प्रोट्रूजन म्हणजे एका ठिकाणी बाहेर आलेला पण बुडाशी रुंद, एक्स्ट्रूजन म्हणजे आतला मऊ भाग कवच फोडून मान काढल्यासारखा बाहेर, हे शब्द आकाराचे आहेत, दुखणं किती ते त्यांच्यात लिहिलेलं नसतं. नाकाशिमा आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये १२११ अशा लोकांचे मानेचे एमआरआय छापले ज्यांना मानेची काहीच तक्रार नव्हती, त्यातल्या ८७.६ टक्के लोकांना बल्ज होता, विशीतल्या मुलामुलींमध्येसुद्धा दर चारांत जवळजवळ तिघांना. ताईंचा सी ५-६ चा बल्ज कदाचित दहा वर्षांपासून तिथे असेल. तो जर गुन्हेगार असता तर बायसेप्स किंवा मनगट वर उचलणं कमी झालं असतं, अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट बधिर झालं असतं, मनगटाजवळचा रिफ्लेक्स गेला असता. यातलं काहीही नव्हतं. रेडिओलॉजिस्टने जे दिसलं ते प्रामाणिकपणे लिहिलं होतं, त्यांच्यासमोर पेशंट नव्हता, आणि तपासणीच्या फॉर्मवर "मानदुखी" एवढाच शब्द गेला होता. "डावी सी-७ ची लक्षणं, ट्रायसेप्स कमजोर" असं फॉर्मवर गेलं असतं तर मला खात्री आहे की सी ६-७ ची ओळ वर आली असती. तेव्हापासून एमआरआयला जाणाऱ्या पेशंटच्या हातात मी एका ओळीचा कागद देते, बाजू, नस, काय कमजोर आहे, आणि सांगते की तिथे दाखवा.

सर्जनचं मत तेच पडलं, सी ६-७. तरी जुन्या कार्पल टनेलच्या शंकेमुळे त्यांनी ईएमजी आणि नर्व्ह कंडक्शन, म्हणजे स्नायू आणि नसांची विद्युत तपासणी, करायला सांगितलं, पण लगेच नाही, हातातली कळ सुरू झाल्यापासून तीन आठवडे उलटल्यावर. लवकर केली तर ही टेस्ट खोटी नॉर्मल येऊ शकते, कारण नस दुखावल्यावर स्नायूत त्याच्या विद्युत खुणा उमटायलाच वेळ लागतो. निकाल छान बोलका होता. ट्रायसेप्समध्ये आणि मनगट वाकवणाऱ्या स्नायूत नस तुटक झाल्याच्या खुणा, मानेजवळच्या स्नायूतही, आणि मधल्या बोटाच्या संवेदनेचा सिग्नल मात्र पूर्ण नॉर्मल. बोट बधिर आणि सिग्नल नॉर्मल कसा, तर संवेदनेच्या नसेच्या पेशींची गाठ नसेच्या भोकापाशी असते आणि गादी दाबते ती सहसा त्या गाठीच्या आतल्या बाजूला, त्यामुळे गाठीपासून बोटापर्यंतची तार शाबूत राहते. मनगटात नस दबली असती तर हाच सिग्नल मंद झाला असता. कार्पल टनेलचा विषय तिथे संपला.

मधे एक दिवस असा आला की तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. साधारण विसाव्या दिवशी ताई हसत आल्या, कळ निम्मी झालीये, रात्रभर झोपले. मलाही बरं वाटलं, आणि तरी मी ट्रायसेप्स तपासला, तो आदल्या आठवड्यापेक्षा थोडा आणखी कमी वाटला. दुखणं उतरलं म्हणजे नस सुटली असं दर वेळी नसतं. कधी ताकद जात असतानाच दुखणं कमी होतं आणि पेशंट आणि आपण दोघंही खूश होऊन बसतो. (एक वेगळा आजार पण आहे, पार्सोनेज-टर्नर, त्यात आधी भयंकर दुखतं आणि दुखणं ओसरताना हात लुळा पडतो, पण तो सहसा एका रूटच्या चौकटीत बसत नाही आणि मान हलवून वाढत नाही.) मी सर्जनना त्याच दिवशी कळवलं. त्यांनी आणि मी मिळून ठरवलं की दर चार दिवसांनी एकाच माणसाने, एकाच पद्धतीने पॉवर तपासायची, आणखी घसरली किंवा कॉर्डची एकही खूण दिसली तर ऑपरेशनचा निर्णय लगेच. ताईंना पण हे सगळं समोर बसवून सांगितलं, लपवलं काही नाही, घरी भिंतीला हात टेकून दोन्ही हातांनी रेटा देऊन बघायचा हे पण शिकवलं. ते दहा-बारा दिवस मला जड गेले.

घसरण तिथेच थांबली. पाचव्या आठवड्यात हात डोक्यावर न ठेवता झोप लागायला लागली, आठव्यात मधल्या बोटाचा कापूस विरळ झाला, ट्रायसेप्स हळूहळू करत तिसऱ्या महिन्याच्या शेवटी पाचला आला. ऑपरेशन लागलं नाही. रॉचेस्टरच्या त्या अभ्यासातही शेवटच्या भेटीपर्यंत साधारण ९० टक्के लोक एक तर बरे होते किंवा किरकोळ त्रासावर होते, अर्थात त्यांतल्या काहींचं ऑपरेशन झालेलं होतं, त्यामुळे तो आकडा नुसत्या वाट बघण्याचा नाही हे मी ताईंना आधीच सांगितलं होतं. औषधं-व्यायामाचं इथे लिहीत नाही, तो वेगळा विषय.

सहाव्या महिन्यात त्या शेवटच्या तपासणीला आल्या तेव्हा एमआरआय परत काढू का म्हणून विचारत होत्या, गादी आत गेली का बघायला. सर्जन नको म्हणाले, तक्रार नाही, ताकद पूर्ण आहे, फोटोत काहीही दिसलं तरी आपण वेगळं काही करणार नाही. मी दोन्ही कोपरांवर हॅमर मारला. उजवा उसळला, डावा अजूनही अगदी मंद. रिफ्लेक्स कधी कधी परत येतच नाही आणि त्याने रोजच्या कामात काही अडत नाही. पण उद्या ताईंना दुसरं काही झालं आणि दुसऱ्याच कुणी हॅमर मारला तर त्याला तो नवा वाटेल आणि सगळी धावपळ परत सुरू होईल, म्हणून त्यांच्या फाईलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून दिलं: डावा ट्रायसेप्स रिफ्लेक्स कमी, जुना, सी-७, पॉवर पाच.